न लिहिलेलं नातं

जावात एका क्लासच्या पोटात दुसरा क्लास लिहिला आणि त्याच्या आधी ‘स्टॅटिक’ हा शब्द टाकला नाही, तर आतल्या क्लासच्या प्रत्येक ऑब्जेक्टला बाहेरच्या क्लासचं एक ऑब्जेक्ट चिकटतं. शब्द टाकला तर चिकटत नाही. कोडात दिसणारा फरक एका शब्दाचा आहे, आणि तोही त्या शब्दाच्या नसण्याचा. पण त्यावर बरंच काही ठरतं. कुठलं ऑब्जेक्ट किती काळ मेमरीत राहणार, कोण कोणाला धरून ठेवणार, बाहेरचं ऑब्जेक्ट नसताना आतलं तयार करता येणार की नाही, ते फाइलीत साठवायला गेलं तर सोबत आणखी काय काय ओढलं जाणार, हे सगळं त्या एका शब्दाच्या हाती असतं. माझं म्हणणं साधं आहे. दोन ऑब्जेक्टांमधलं जन्मभराचं नातं कोणीतरी लिहिल्यामुळे तयार व्हावं, काही लिहायचं राहिल्यामुळे होऊ नये. जावाने १९९७ साली नेमकं हे उलटं केलं आणि त्याची किंमत प्रोग्रामर आजही मोजत आहेत. असं असलं तरी इनर क्लास ही कल्पनाच टाकाऊ आहे असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. कल्पना उत्तम आहे. चूक आहे ती फक्त तिच्या मूकपणात.

क्लासच्या आत क्लास लिहिताना आपण एका वेळी दोन निर्णय घेत असतो. पहिला निर्णय नावाचा: हा क्लास कुठे राहतो, त्याला कोण हाक मारू शकतं, कोणाची खासगी फील्डं त्याला दिसतात. दुसरा निर्णय ऑब्जेक्टचा: प्रोग्राम चालू असताना आतल्या ऑब्जेक्टने बाहेरच्या एखाद्या ठरावीक ऑब्जेक्टचा हात धरून ठेवायचा का. पहिला निर्णय कंपायलरचं काम झालं की जवळजवळ संपतो. दुसरा प्रोग्राम चालेल तितका वेळ चालू राहतो. शिकायला शहरात आलेला भाचा मामाकडे राहतो, त्याची पत्रं ‘द्वारा’ लिहून मामांच्या पत्त्यावर येतात, म्हणून काही त्याचं नाव मामांच्या रेशनकार्डावर चढत नाही. पत्ता वेगळा, कार्ड वेगळं. जावाच्या अधिकृत व्याख्येतही हा भेद स्पष्ट आहे: आत लिहिलेला प्रत्येक क्लास नेस्टेड, आणि त्यांच्यापैकी जो स्टॅटिक नाही तेवढाच इनर. व्याख्या चोख आहे, पण भाषेच्या रचनेत पत्ता मागणाऱ्याला न विचारता कार्डही हातात दिलं जातं.

या गोष्टीचं मूळ जावाच्या कितीतरी आधी, ऑस्लोमध्ये आहे. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगॉर हे दोघे नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये सिम्युला ही भाषा घडवत होते. त्यांच्यासमोर पाया होता अल्गोल ६० या भाषेचा. अल्गोलमध्ये एका प्रोसीजरच्या आत दुसरी प्रोसीजर लिहिता येत असे आणि आतलीला बाहेरच्या प्रोसीजरची व्हेरिएबलं दिसत. बाहेरचं काम संपलं की तिची व्हेरिएबलं नाहीशी होत. आतलं काम त्याआधीच उरकलेलं असे, त्यामुळे कोण कोणाला धरून बसलंय हा प्रश्न उद्भवतच नव्हता. डाल आणि न्यूगॉर यांना मात्र सिम्युलेशन करायचं होतं. रांगेत थांबलेलं गिऱ्हाईक किंवा कामाची वाट बघणारं यंत्र एका प्रोसीजरच्या धावेत संपत नाही. ते थांबतं, पुन्हा पुढे सरकतं, मध्येच दुसऱ्या कोणाशी व्यवहार करतं. म्हणून त्यांनी अल्गोलच्या ब्लॉकलाच जिवंत ठेवायचं ठरवलं. काम थांबलं तरी ज्याची व्हेरिएबलं टिकून राहतात असा ब्लॉक म्हणजे ऑब्जेक्ट, आणि अशा ब्लॉकचा नमुना म्हणजे क्लास. सिम्युला ६७ मध्ये हे पूर्ण रूपाला आलं. दोघांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं आणि पुढच्याच वर्षी, काही आठवड्यांच्या अंतराने, दोघेही गेले.

हा इतिहास सांगायचं कारण असं की आपल्याकडे इनर क्लास ही क्लासला मागाहून लावलेली शेपटी म्हणून शिकवली जाते. वस्तुस्थिती उलटी आहे. क्लासच जन्मला तो ब्लॉकच्या आत ब्लॉक लिहिण्याच्या परंपरेतून. आतल्याला बाहेरचं दिसणं हे त्या परंपरेचं हाड आहे. न्यूगॉर आणि त्यांच्या डॅनिश-नॉर्वेजियन सहकाऱ्यांनी पुढे बीटा नावाची भाषा केली. तिच्यात क्लास, प्रोसीजर असे वेगवेगळे प्रकार ठेवलेच नाहीत. ‘पॅटर्न’ ही एकच रचना, आणि ती कितीही खोल एकात एक घालता येते. बीटा व्यवहारात फारशी पसरली नाही, पण इनर क्लासची कल्पना किती दूर नेता येते हे तिने दाखवलं.

मात्र ब्लॉक जिवंत ठेवला त्याच क्षणी अल्गोलमध्ये नसलेला प्रश्न उभा राहिला. आतलं ऑब्जेक्ट बाहेरच्यापेक्षा जास्त जगलं तर? बाहेरच्याला त्याच्यासाठी टिकून राहावं लागणार. आतल्याला बाहेरचं दिसतं या सोयीची ही किंमत आहे आणि ती टाळता येत नाही. ब्यार्ने स्ट्रूस्ट्रप यांनी केंब्रिजला पीएचडी करताना सिम्युला वापरली होती. क्लास त्यांनी तिथूनच सी++ मध्ये आणला. पण आतला क्लास आणताना त्यांनी फक्त नाव घेतलं, नातं घेतलं नाही. सी++ मधला आतला क्लास हा केवळ पत्ता आहे. बाहेरचं ऑब्जेक्ट हवं असेल तर पॉइंटर स्वतः लिहा, स्वतः सांभाळा. बाहेरच्या क्लासच्या खासगी गोष्टी आतल्याला दिसाव्यात की नाही, यावरही तिथे बराच काळ घोळ होता. दिसाव्यात हे सी++११ च्या मानकात पक्कं झालं. ज्या भाषेत गार्बेज कलेक्टर नाही तिथे न लिहिलेला पॉइंटर परवडलाच नसता, तेव्हा हा निर्णय बरोबर होता.

जावाची पहिली आवृत्ती १९९६ च्या जानेवारीत आली तेव्हा तिच्यात आतले क्लास नव्हतेच. वर्षभरात ते आणावे लागले, कारण बटण. पहिल्या आवृत्तीत खिडकीवरच्या कुठल्याही बटणावर टिचकी मारली की घटना एकाच मेथडमध्ये येऊन पडे, आणि ती नेमकी कुठल्या बटणाची हे तिथे इफ-एल्सच्या लांबलचक माळेतून शोधावं लागे. १९९७ च्या फेब्रुवारीत आलेल्या १.१ आवृत्तीने पद्धत बदलली: प्रत्येक बटणाला त्याचा स्वतंत्र ऐकणारा, म्हणजे लिसनर. आता हा ऐकणारा म्हणजे एक ऑब्जेक्ट, म्हणून त्याला क्लास हवा. आणि टिचकी ऐकल्यावर त्याला करायचं असतं काय? खिडकीतल्या दुसऱ्या एखाद्या चौकटीतला मजकूर बदलायचा, खिडकीचीच एखादी खासगी मेथड बोलवायची. खिडकीशिवाय त्याला अर्थच नाही. अशा ऑब्जेक्टसाठी इनर क्लास अगदी चपखल बसला. त्या वेळी जावाच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः हे उदाहरण होतं, म्हणून बाहेरच्याला धरून ठेवणं हीच नेहमीची रीत आणि न धरणं हा अपवाद, असं त्यांनी ठरवलं असावं. एका उदाहरणावरून भाषेची सवय ठरली.

त्यावर वाद झालाच नाही असं नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये अँडर्स हेल्सबर्ग त्या वेळी जे++ या त्या कंपनीच्या जावा-अवतारावर काम करत होते. बटणाच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं डेलिगेट: एका ठरावीक ऑब्जेक्टच्या एका ठरावीक मेथडकडे बोट दाखवणारी गोष्ट. जावा घडवणाऱ्या सन या कंपनीने तेव्हा एक टिपण काढून ठासून सांगितलं की डेलिगेटची गरजच नाही, इनर क्लास ते सगळं करतो. दोन्ही कंपन्या जावावरून कोर्टात भांडत होत्या, त्यामुळे वादाला तांत्रिक मुद्द्यांपलीकडचीही धार होती. तांत्रिक मुद्द्यापुरतं बोलायचं तर सनचं म्हणणं खरं होतं: डेलिगेट जे करतो ते इनर क्लास करतो. पण डेलिगेट तयार करताना कुठल्या ऑब्जेक्टची मेथड धरली ते लिहावं लागतं, आणि हा फरक सनच्या दृष्टीने गौण होता. माझ्या मते मुख्य तोच होता. पुढे हेल्सबर्ग यांनी सी शार्प घडवली तेव्हा तिच्यात डेलिगेट आले, आणि आतला क्लास सी++ सारखा, बाहेरचा हात न धरणारा ठेवला गेला.

आता जावाने हे आतून कसं साधलं ते बघण्यासारखं आहे. १.१ मध्ये भाषा बदलली, पण बाईटकोड चालवणाऱ्या यंत्राला, म्हणजे जेव्हीएमला, यातलं काहीच सांगितलं नाही. त्याच्या लेखी सगळे क्लास सारखे, सुटे. सारी जबाबदारी कंपायलरवर. ‘खिडकी’ या क्लासमध्ये ‘ऐकणारा’ हा क्लास लिहिला तर कंपायलर दोन स्वतंत्र फाइली बनवतो आणि दुसरीच्या नावात दोन्ही नावांच्या मध्ये डॉलरचं चिन्ह घालतो. आतल्या क्लासमध्ये तो एक फील्ड गुपचूप वाढवतो. त्या फील्डचं नाव ‘धिस’, मग डॉलर, मग शून्य. कन्स्ट्रक्टरलाही एक जादा पॅरामीटर जोडतो आणि आतल्या क्लासचं ऑब्जेक्ट करताना तिथे बाहेरचं ऑब्जेक्ट भरतो. खासगी फील्डांचा प्रश्न आणखी अवघड होता. जेव्हीएमच्या दृष्टीने हे दोन परके क्लास, एकाची खासगी गोष्ट दुसऱ्याला मिळणार कशी? म्हणून कंपायलर बाहेरच्या क्लासमध्ये छोट्या चोरदरवाजासारख्या मेथड घालत असे. त्या मेथड पूर्ण पॅकेजला खुल्या असत. म्हणजे आपण खासगी म्हणून लिहिलेलं फील्ड बाईटकोडच्या पातळीवर तितकंसं खासगी उरत नसे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या जावा ११ ने जेव्हीएमला प्रथमच सांगितलं की हे क्लास एका घरट्यातले आहेत, यांना एकमेकांचं खासगी बघू दे. मधल्या एकवीस वर्षांत जगातल्या बहुतेक जावा प्रोग्रामांत हे चोरदरवाजे होते.

खासगीपणाचा भाग दुरुस्त झाला. हात धरून ठेवण्याचा भाग मात्र सवयीने तसाच राहिला. तो कुठे योग्य आणि कुठे अयोग्य हे कळायला जावाच्या स्वतःच्या लायब्ररीसारखा दुसरा गुरू नाही. तिचा कोड सगळ्यांना खुला आहे. ‘अ‍ॅरेलिस्ट’ उघडून बघा. त्यात ‘इटर’ नावाचा एक खासगी क्लास आहे. आपण फॉर-लूप लावून यादीवरून फिरतो तेव्हा पडद्याआड याचंच ऑब्जेक्ट फिरत असतं. त्याची स्वतःची फील्डं फक्त तीन. ‘कर्सर’ म्हणजे पुढचा घटक कुठला. ‘लास्टरेट’ म्हणजे आत्ता दिलेला घटक कुठला होता. तो सुरुवातीला उणे एक असतो. तिसरं ‘एक्स्पेक्टेडमॉडकाउंट’, म्हणजे हा फिरायला निघाला तेव्हा यादीत आतापर्यंत किती वेळा फेरबदल झाले होते तो आकडा. घटक कुठे आहेत? यादीकडे. आत्ताचा फेरबदलांचा आकडा कुठे आहे? तोही यादीकडे. प्रत्येक पावलाला इटर स्वतःचा आकडा यादीच्या आकड्याशी ताडून बघतो आणि जुळला नाही तर ‘कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन’ फेकतो. फॉर-लूप चालू असतानाच त्याच यादीतून एखादा घटक काढून टाकला म्हणून हे एक्सेप्शन कपाळी आलं नाही, असा जावा प्रोग्रामर विरळा. त्या एक्सेप्शनमागे आतल्या आणि बाहेरच्या ऑब्जेक्टमधला हा जिवंत व्यवहार आहे. यादी नसेल तर इटर कशावर फिरणार? इथे इनर क्लास शोभतो, आणि याला स्टॅटिक करून यादी हातांनी पुरवत बसण्यात काही मिळत नाही.

आता शेजारचा ‘हॅशमॅप’ उघडा. त्यातला ‘नोड’ हा क्लासही आत लिहिलेला आहे, पण स्टॅटिक आहे. त्याची चार फील्डं: हॅश, की, व्हॅल्यू आणि त्याच बादलीतल्या पुढच्या नोडकडे बोट दाखवणारं नेक्स्ट. नोड मॅपच्या पोटात राहतो, पण त्याला मॅपची गरज कधीच पडत नाही. तो स्टॅटिक का, असं विचारलं की बहुतेक जण मेमरीचं कारण देतात: लाखो नोड असतात, प्रत्येकात एक जादा संदर्भ म्हणजे किती बाईट वाया. हे कारण लंगडं आहे. चौसष्ट बिटांच्या हॉटस्पॉट यंत्रावर, नेहमीच्या मांडणीत, नोडचं शीर्षक १२ बाईट, हॅश ४ आणि तीन संदर्भ मिळून १२, असे २८ बाईट होतात. यंत्र आठाच्या पटीत जागा देतं म्हणून नोडला ३२ मिळतात. चार बाईटचा जादा संदर्भ त्या उरलेल्या जागेत आयता बसला असता. तेव्हा खरं कारण बाईटांचं नाही, धरून ठेवण्याचं आहे. मॅपच्या नोंदींवरून फिरताना आपल्या हाती जी ‘एंट्री’ येते ती प्रत्यक्षात हा नोडच असतो. कोणी ती एक नोंद कुठल्यातरी दीर्घकाळ जगणाऱ्या ठिकाणी ठेवून दिली, तर आजच्या रचनेत ती स्वतः आणि फार तर तिच्या बादलीतल्या इतर नोंदी अडकून पडतात. नोड इनर असता तर त्या एका नोंदीमागे अख्खा मॅप मेमरीत अडकला असता, आणि कोडाच्या एकाही ओळीत त्याचा पत्ता लागला नसता.

लायब्ररीतलंच आणखी एक उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. यादीचा एखादा तुकडा मागितला की अ‍ॅरेलिस्ट ‘सबलिस्ट’ देते. तिचे घटक मूळ यादीतच असतात, ही नुसती खिडकी. जावा ८ मध्ये सबलिस्ट हा इनर क्लास होता. जावा ९ मध्ये तो स्टॅटिक झाला आणि त्यात ‘रूट’ नावाचं फील्ड आलं, मूळ यादी धरून ठेवणारं. सोबत ‘पेरेंट’, कारण सबलिस्टची सबलिस्ट करता येते आणि तेव्हा मूळ यादी एक, जन्मदाती दुसरी. अवलंबन कमी झालं नाही. सबलिस्ट आजही मूळ यादीला पूर्वीइतकंच घट्ट धरून आहे. फक्त कंपायलरने गुपचूप घातलेल्या फील्डच्या जागी माणसाने नाव देऊन लिहिलेलं फील्ड आलं. त्यासाठी टाइप पॅरामीटर पुन्हा लिहावा लागला, कन्स्ट्रक्टर वाढले, कोड थोडा लांबला. तरीही तो कोड आता स्वतःबद्दल खरं सांगतो, आणि मला तो जुन्यापेक्षा सरस वाटतो.

सवय चुकीच्या बाजूला असली की काय होतं ते अँड्रॉइडवर दिसलं. अँड्रॉइडमधला एक स्क्रीन म्हणजे एक ‘अ‍ॅक्टिव्हिटी’. फोन आडवा केला की, वेगळी सोय केली नसेल तर, जुनी अ‍ॅक्टिव्हिटी मोडून नवी तयार होते. जुनीने मेमरी सोडावी ही अपेक्षा. आता समजा, अ‍ॅक्टिव्हिटीच्या आत स्टॅटिक न लिहिता एक ‘हँडलर’ लिहिला आणि त्याला दहा मिनिटांनी करायचं एक काम दिलं. फोन लगेच आडवा झाला. अ‍ॅपच्या मुख्य थ्रेडला संदेशांची एक रांग असते आणि ती अ‍ॅप मरेपर्यंत जगते. रांगेने संदेश धरला आहे. संदेशाने हँडलर धरला आहे. हँडलरने, त्या डॉलरवाल्या फील्डमधून, जुनी अ‍ॅक्टिव्हिटी धरली आहे. आणि अ‍ॅक्टिव्हिटीने स्क्रीनवरचं प्रत्येक बटण, प्रत्येक चित्र. गार्बेज कलेक्टर साखळी तपासतो, तिला जिवंत टोक आहे म्हणून हात लावत नाही. त्याचं काहीच चुकत नाही. फोन उभा-आडवा करत राहिलं की दर वेळी एक मेलेला स्क्रीन मेमरीत साठतो. अँड्रॉइडच्या लिंट या कोड तपासणाऱ्या साधनाने यासाठी खास इशारा ठेवला: हा हँडलर स्टॅटिक करा, नाहीतर गळती होईल. पुण्या-मुंबईत अँड्रॉइडवर काम केलेल्या कोणालाही ती पिवळी ओळ आठवेल. स्क्वेअर या कंपनीने २०१५ मध्ये ‘लीककॅनरी’ हे साधन खुलं केलं, ते अशाच मेलेल्या अ‍ॅक्टिव्हिट्या हुडकण्यासाठी. पडद्याआड काम करून निकाल स्क्रीनवर आणणारा ‘असिंकटास्क’ हा क्लास तर गूगलने २०२० मध्ये अँड्रॉइड ११ सोबत निवृत्तच केला, आणि त्याच्या दोषांच्या यादीत ही गळती ठळक होती.

इशाऱ्यावरचा रूढ उपाय म्हणजे क्लास स्टॅटिक करून आत अ‍ॅक्टिव्हिटीचा दुबळा संदर्भ ठेवणं. तो चालतो. पण माझ्या मते अर्धाच आहे. स्क्रीन गेल्यावर ते काम करायचं आहे का, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही. नसेल, तर स्क्रीन मोडताना ते काम रांगेतून काढायला हवं. नातं लिहावं लागलं की असे प्रश्न आपोआप पडतात. ते न लिहिता मिळालं की पडत नाहीत. मूकपणाचा खरा तोटा हा आहे. मेमरी ही त्याची नंतर दिसणारी खूण.

दुहेरी महिरपी कंसांची युक्ती हे याचंच छोटं भावंड. मॅप भरायला चार ओळी लिहायच्या टाळून लोक दोन कंस एकात एक घालतात आणि आत नोंदी टाकतात. दिसायला ते मॅपचं भरणं, प्रत्यक्षात तो हॅशमॅपचा एक नवा अनामिक इनर क्लास. साध्या मेथडमध्ये लिहिला तर तो मॅप आपल्या जन्मदात्या ऑब्जेक्टला घेऊन फिरतो. ही युक्ती वापरू नये.

यावर एक टोकाचा प्रतिसाद ऐकू येतो: क्लासच्या आत क्लास नकोच, एका फाइलीत एक क्लास ठेवा. हे औषध रोगापेक्षा वाईट आहे. अ‍ॅरेलिस्टचा खासगी इटर बाहेर काढून वेगळ्या फाइलीत ठेवला तर तो पॅकेजभर सगळ्यांच्या नजरेस पडेल, कोणीतरी वापरेल, आणि मग अ‍ॅरेलिस्टची आतली रचना बदलणं लेखकाच्या हातात राहणार नाही. जावा ८ मध्ये हॅशमॅपने भरगच्च बादल्यांसाठी साखळीऐवजी लाल-काळी झाडं आणली. हा मोठा बदल बाहेर कोणाला जाणवलाही नाही, कारण झाडाचे नोड आतच लिहिलेले होते. जे एकत्र बदलतं ते एकत्र असावं, हे तत्त्व नेस्टेड क्लासइतकं स्वस्तात दुसरं काही देत नाही. पत्ता आतलाच असू द्या.

अवलंबनाचीही भीती नको. मार्टिन ओडर्स्की यांच्या स्काला भाषेत आतला क्लास कुठल्या ऑब्जेक्टच्या आतला आहे हे टाइपचाच भाग असतं. दोन आलेख केले आणि एकाचा बिंदू दुसऱ्याच्या बिंदूला जोडायला गेलात तर कंपायलर तिथेच अडवतो, कारण त्याच्या लेखी हे दोन वेगळे टाइप आहेत. जावात असा कोड निमूट कंपाइल होतो. ऑस्लोतल्या कल्पनेची ही फार देखणी वाढ आहे: आतल्याचं बाहेरच्याशी असलेलं नातं इथे लपलेलं नाही, उलट कंपायलर त्याचीच राखण करतो.

जावाने स्वतःही हळूहळू माघार घेतली आहे. जावा ८ चा लॅम्डा बाहेरच्या ऑब्जेक्टला फक्त गरज असेल तर धरतो. जावा १६ चे रेकॉर्ड आत लिहिले तर न सांगता स्टॅटिक असतात. एनम आणि इंटरफेस आधीपासूनच तसे आहेत. जेडीके १८ पासून कंपायलर, आतला क्लास बाहेरचं काहीच वापरत नसेल, तर ते गुप्त फील्ड सहसा घालतच नाही. या शेवटच्या सुधारणेने गळत्या कमी झाल्या असतील, तरी ती मला पुरेशी वाटत नाही. आतला क्लास बाहेरच्याला धरतो की नाही हे आता त्याच्या मेथडांमधल्या मजकुरावर ठरतं. सहा महिन्यांनी कोणी आत लॉगची एक ओळ घातली आणि तिच्यात बाहेरचं एक फील्ड छापलं, की धरणं पुन्हा सुरू. क्लासच्या पहिल्या ओळीत काहीच बदललेलं नसतं. निर्णय प्रोग्रामरच्या हातातून कंपायलरच्या हातात गेला, पण उघड झाला नाही.

उघड केला कॉटलिनने. २०१६ मध्ये १.० आवृत्तीसह आलेल्या या भाषेत आत लिहिलेला क्लास मुळात स्टॅटिकच असतो. बाहेरचा हात धरायचा असेल तर ‘इनर’ असं लिहावं लागतं. जावाचा नियम फक्त फिरवला, बाकी सगळं तेच. ज्याला काही माहीत नाही त्याच्याकडून सुरक्षित कोड लिहिला जातो, आणि ज्याला नातं हवं आहे तो पाच अक्षरं टंकून ते सांगतो. त्याचा कोड वाचणाऱ्यालाही ती दिसतात. कॉटलिनमधले अनामिक ऑब्जेक्ट आणि लॅम्डा अजूनही वापराप्रमाणे बाहेरच्याला पकडतात, त्यामुळे प्रश्न मुळापासून मिटला नाही. तरी नाव दिलेल्या क्लासपुरतं बरोबर उत्तर हेच आहे. जॉशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’च्या २००१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून हाच सल्ला दिला होता: आत लिहिताना स्टॅटिकला प्राधान्य द्या. पुस्तकात सल्ला म्हणून सांगावं लागलं, ते कॉटलिनने भाषेचा नियम म्हणून घातलं.

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या वर्गात या विषयाचा उत्तरपत्रिकेतला साचा ठरलेला आहे: इनर क्लासचे चार प्रकार सोदाहरण स्पष्ट करा. मेंबर, स्टॅटिक, लोकल, अनामिक. प्रत्येकाला पाच ओळींचा प्रोग्राम, ‘हॅलो’ छापणारा. विद्यार्थी चार प्रकार पाठ करतो आणि मूळ दोन प्रश्न त्याच्या कानावरही पडत नाहीत: हे नाव इथे का, आणि हे ऑब्जेक्ट कोणाला धरून आहे? प्रकार चार नाहीतच, प्रश्न दोन आहेत, आणि ते जावा सोडून दुसऱ्या कुठल्याही भाषेत गेलं तरी कामी येतात. पायथनमध्ये जँगो वापरणारा मॉडेलच्या आत ‘मेटा’ नावाचा क्लास लिहितो, तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, दुसऱ्याचं नाही. तिथे आतल्याला बाहेरचं काही दिसत नाही. स्विफ्टमध्येही आतला क्लास बाहेरच्या ऑब्जेक्टला धरत नाही.

म्हणून हा विषय शिकवणाऱ्यांना आणि कोड रिव्ह्यू करणाऱ्यांना माझी विनंती आहे. रिव्ह्यू करताना आतला क्लास दिसला आणि त्यावर स्टॅटिक नसेल, तर लिहिणाऱ्याला एकच गोष्ट विचारा: याला बाहेरचं ऑब्जेक्ट कशासाठी हवं आहे? इटरसारखं ठाम उत्तर मिळालं तर राहू द्या. नाही मिळालं तर स्टॅटिक लावायला सांगा. आणि वर्गात चार प्रकारांचा तक्ता फळ्यावर काढण्याआधी एक छोटा इनर क्लास कंपाइल करा, तयार झालेल्या फाइलीवर जावापी ही आज्ञा खासगी फील्डंही दाखवायला सांगून चालवा, आणि डॉलर असलेलं ते फील्ड मुलांना डोळ्यांनी बघू द्या. फक्त संगणकावर जेडीके १८ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर आतल्या क्लासमध्ये बाहेरचं एखादं फील्ड आधी वापरून ठेवा, नाहीतर दाखवायला ते फील्ड तिथे नसेल.